स्टुलाची खोळ : सुई-दोऱ्याच्या तासाविषयी काही विचार

शाळेच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला की शिक्षकाने संस्थेची वाटचाल, गुणवंत विद्यार्थ्यांची परंपरा किंवा बाबासाहेबांचे शिक्षणविषयक विचार यांपैकी एखादा विषय निवडावा, असा प्रघात आहे. त्या विषयांवर या अंकात अधिकारी व्यक्ती लिहितीलच. आम्ही मात्र एक लहान वस्तू निवडली आहे : आपल्या अभ्यासिकेतील लाकडी स्टुलावर चढवलेली कापडी खोळ. इतिहासाच्या शिक्षकाने सुई-दोऱ्याविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कुठे बसावे आणि कशावर बसावे हे ज्या समाजाला शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरवून दिले, त्या समाजाच्या मुलांनी आपले आसन स्वतःच्या हाताने शिवणे ही गोष्ट आम्हांस इतिहासाच्या बाहेरची वाटत नाही.

आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. निवासी शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याने, तो मुलगा असो वा मुलगी, आठवीच्या वर्षात आपल्या स्टुलाची खोळ स्वतः मोजून, बेतून, कापून आणि शिवून पूर्ण करावी. हे काम केवळ मुलींवर सोपवायचे असेल तर ते शाळेत नसलेलेच बरे. आणि मुलांना व मुलींना ते सारखेच करू द्यायचे असेल तर त्याला गणिताच्या किंवा इतिहासाच्या तासाइतकाच मान असावा.

आपल्याकडे गेली तीन वर्षे हा उपक्रम कार्यानुभवाच्या तासाला चालू आहे. आठवड्यातून एक जोडतास, असे सहा आठवडे. त्याचा उगम अगदी व्यवहारी कारणातून झाला. अभ्यासिकेतील स्टुले जुनी झाली होती. फळ्यांना भेगा पडल्या, खिळ्यांची डोकी वर आली, आणि गणवेशाच्या चड्ड्या व स्कर्ट एकाच ठिकाणी फाटू लागले. नवी स्टुले घेण्याइतका निधी नव्हता. सुताराने खिळे ठोकून दिले, भेगा बुजवल्या. पण वर काहीतरी मऊ आवरण हवे होते. त्याच सुमारास वसतिगृहातील बाद चादरींचा गठ्ठा भांडारात पडून होता. चादर नेहमी मधोमध विरते, कडा मात्र शाबूत राहतात, हे घर चालवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्या शाबूत कडांतून खोळी निघतील असा विचार पुढे आला.

इथेच पहिला प्रश्न उभा राहिला : शिवणार कोण? सहज आलेले उत्तर होते, मुली शिवतील. अनेक शाळांच्या वेळापत्रकात अजूनही एकाच तासाला मुलींना शिवणकाम आणि मुलांना संगणक अशी विभागणी आढळते. शासनाच्या व संस्थांच्या योजनांतही स्त्रियांचे सबलीकरण म्हटले की शिलाई यंत्राचे वाटप ठरलेले. शिलाई यंत्राने अनेक विधवांची व परित्यक्तांची घरे उभी राहिली, हे आम्ही आदराने मान्य करतो. परंतु मुलगी जन्माला आली म्हणून तिच्या हाती सुई आणि मुलगा जन्माला आला म्हणून त्याच्या हाती कळफलक, ही वाटणी जन्मावरून झालेली आहे. जन्मावरून कामाची वाटणी करण्याच्या रीतीला आपण दुसरे कोणते नाव देतो, हे या शाळेच्या वाचकांना सांगावयास नको. म्हणून दोघांनीही दोन्ही शिकावे, असे ठरले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. स्टुलाची बैठक 30 सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद आहे. खोळ दाटून बसू नये म्हणून प्रत्येक बाजूस अर्धा सेंटिमीटर मोकळीक धरली तर तयार चौकोन 31 सेंटिमीटरचा हवा. चारही बाजूंना शिलाईसाठी दीड-दीड सेंटिमीटर सोडले की कापायचा चौकोन 34 सेंटिमीटरचा होतो. बैठकीखाली 12 सेंटिमीटर उतरणारी बाजूपट्टी हवी. तिच्या वरच्या कडेला शिलाईचे दीड आणि खालच्या दुमडीचे अडीच धरून पट्टीची रुंदी 16 होते. चारी बाजूंचा घेर 124. तो दोन तुकड्यांत केला तर प्रत्येक तुकडा 62 अधिक शिलाईचे 3, म्हणजे 65 सेंटिमीटर. दोन्ही जोड समोरासमोरच्या कोपऱ्यांवर येतात आणि दिसून येत नाहीत.

हे आकडे आम्ही मुद्दाम दिले आहेत, कारण खरी गंमत यापुढे आहे. दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी 32 होते, चौकोनापेक्षा थोडी कमी. म्हणजे 34 सेंटिमीटर रुंद आणि 99 सेंटिमीटर लांब अशा एका पट्ट्यातून एक संपूर्ण खोळ निघते. चादर 225 सेंटिमीटर लांब असेल तर तिच्या एका कडेतून दोन, आणि दोन्ही कडांतून मिळून चार खोळी निघतात. हे गणित फळ्यावर आम्ही मांडले नाही. जमिनीवर चादर अंथरून, वर्तमानपत्राचे कागदी तुकडे सरकवत सरकवत मुलांनी ते स्वतः शोधले. क्षेत्रफळाचे सूत्र पाठ असलेल्या काही मुलांना कागद आडवा ठेवला तर बसतो आणि उभा ठेवला तर बसत नाही, हे पाहून विलक्षण आश्चर्य वाटले. ज्या मुलीला गणितात कायम काठावरचे गुण मिळत, तिने सर्वांत आधी चार खोळींची मांडणी जुळवली. तिच्या आईबरोबर गोधडीचे तुकडे जुळवता जुळवता तिच्या डोळ्यांना ती सवय झालेली होती.

कापड कापण्यापूर्वी दोनदा मोजावे, ही शिस्त कातर स्वतःच शिकवते. वहीतील चूक खोडता येते, कापलेले कापड पुन्हा जुळत नाही. उभा धागा आणि आडवा धागा ओळखावा, तिरके म्हणजे उरेब कापड ओढले की ताणते आणि खोळ वाकडी बसते, हे हाताला कळावे लागते. मग कच्चा दोरा घालणे, त्यावरून उलट्या टिपेने पक्की शिलाई, आणि शिलाई कोपऱ्याशी आली की दीड सेंटिमीटर आधी थांबून पट्टीला छोटी चीर देऊन कापड वळवणे. कोपरा हा या कामातील खरा परीक्षक. सरळ शिलाई कोणीही चार दिवसांत शिकतो. कोपऱ्यावर मात्र घाई करणाऱ्याची खोळ फुगते आणि त्याला ती उसवावी लागते. उसवणे ही शिक्षा नाही, तोही कामाचाच भाग आहे, हे मुलांच्या ध्यानी यायला दोन आठवडे लागतात. खोळीच्या आत चादरीच्या विरलेल्या मधल्या भागाचे तीन थर धावदोऱ्याने एकत्र शिवून भरतात. त्यामुळे बैठक मऊ होते. कडेच्या किनारीतून चार बंद निघतात, ते स्टुलाच्या पायांना बांधले की खोळ सरकत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हे गृहशास्त्र झाले. धम्माशी व इतिहासाशी याचा संबंध काय? संबंध फार जुना आणि फार जवळचा आहे. विनयपिटक उघडून पाहावे. जगातील एका महान धर्मपरंपरेच्या नियमग्रंथात सुई, सुईची नळी, कातरण्याचे हत्यार, अंगुस्तान आणि कच्चा दोरा यांची चर्चा इतक्या बारकाईने आलेली आहे की वाचणारा थक्क होतो. चुल्लवग्गात सांगितले आहे की आरंभी भिक्खू पक्ष्याच्या पिसाने आणि बांबूच्या कामटीने चीवर शिवत आणि शिलाई नीट येत नसे. तेव्हा तथागतांनी सुईची अनुज्ञा दिली. सुया गंजू लागल्या तेव्हा त्या ठेवण्याच्या नळीत काय भरावे याचा विचार झाला. बोटांना सुई टोचू लागली तेव्हा अंगुस्तानाची अनुज्ञा मिळाली. शिलाई वाकडी जाऊ लागली तेव्हा आधी खुणेचा दोरा घालण्याची सोय झाली. त्याला पालीत ‘मोघसुत्तक’ असा शब्द आहे. आमच्या आठवीच्या मुलांनी घातलेला कच्चा दोरा तो हाच. प्रत्येक नियमामागे एक अडचण आहे, अडचणीचे निरीक्षण आहे आणि त्यावर शोधलेला उपाय आहे. यालाच आपण वैज्ञानिक दृष्टी म्हणतो. आणि हे सारे विनय राजगृहाच्या पहिल्या संगीतीत ज्यांनी कथन केले ते स्थविर उपाली पूर्वाश्रमीचे नापित होते, हेही विसरू नये.

आसनाच्या कापडाविषयी तर स्वतंत्र नियम आहे. शरीर, चीवर आणि निवासातील सामान यांच्या रक्षणासाठी भिक्खूंना ‘निसीदन’ म्हणजे बसण्याचे वस्त्र वापरण्याची अनुज्ञा मिळाली. सामान आपले नाही, संघाचे आहे; ते खराब होऊ नये म्हणून त्यावर आवरण घालावे, हा त्यामागील विचार. निसीदनाचे मापही ठरले : दोन वीत लांब, दीड वीत रुंद. मग उदायी नावाचे धिप्पाड देहाचे भिक्खू ते वस्त्र चारी बाजूंनी ताणून ताणून बसू लागले. तथागतांनी कारण विचारले, तेव्हा वस्त्र फार लहान पडते असे त्यांनी सांगितले. त्यावर एक वीत किनार जोडण्याची मुभा देण्यात आली. माप माणसासाठी असते, याहून सोपा धडा कोणता असू शकेल? आमच्या वर्गात मोकळिकीचा अर्धा सेंटिमीटर समजावताना आम्ही हीच कथा सांगतो.

चीवराची कथा बहुतेकांना माहीत असते, पण तिच्यातील शिवणकामाकडे लक्ष जात नाही. दक्खिणागिरीकडे जात असताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. बांधांनी आखलेली, पट्ट्यापट्ट्यांची, चौकोनांत विभागलेली. अशा रचनेचे चीवर करता येईल काय, असे त्यांनी आनंदांना विचारले. आनंदांनी ते बेतून, शिवून दाखवले आणि तथागतांनी त्यांच्या बुद्धिमत्तेची प्रशंसा केली. बौद्ध भिक्खूचे चीवर आजही तुकडे जोडूनच होते. शेताकडे पाहून वस्त्राची रचना सुचणे आणि ती कापडात उतरवणे, याला बुद्धीचे काम मानले गेले, हे महत्त्वाचे. चिनी भाषेत जतन झालेल्या एकोत्तर आगमात आणखी एक प्रसंग आहे. दृष्टी गेलेल्या अनिरुद्धांना सुईत दोरा ओवता येईना. पुण्य मिळवू इच्छिणाऱ्या कोणी तो ओवून द्यावा असे त्यांनी म्हटले, तेव्हा स्वतः तथागत पुढे झाले. बुद्धाची अनेक शिल्पे आपण पाहतो, ध्यानमुद्रेतील, धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील. सुईत दोरा ओवणारा बुद्धही आपल्या मुलांच्या मनात असावा, असे आम्हांस वाटते.

आणि भांडारातील बाद चादरींच्या संदर्भात तर कोसंबीच्या राजा उदेनाचा संवाद वाचावाच. राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान केली. इतक्या वस्त्रांचे हे काय करणार, अशी शंका राजाला आली आणि त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू, असे आनंदांनी सांगितले. मग त्या जीर्ण चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवर अंथरायची वस्त्रे. त्यांचे? पायपुसणी. पायपुसण्यांचे? झाडणी. आणि झाडण्यांचे? ती कुटून चिखलात मिसळून त्याने जमीन सारवू. समाधान पावलेल्या राजाने आणखी पाचशे वस्त्रे दिली. दान घेणाऱ्याने दानाचा शेवटचा धागाही वाया जाऊ देऊ नये, ही संघाची अर्थनीती होती. समाजाच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या निवासी शाळेने ती आपलीशी करावी, यात अवघड काय आहे? आपल्याकडे चादरीची खोळ होते, खोळ विरली की फळा पुसण्याचे फडके होते.

हा झाला अभिमानाचा इतिहास. दुसरा इतिहास वेदनेचा आहे, आणि तोही कापडाचाच आहे. बालभीमराव साताऱ्यात शिकत असताना त्यांना वर्गात इतरांमध्ये बसता येत नसे. बसण्यासाठी वेगळा गोणपाटाचा तुकडा असे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून तो रोज संध्याकाळी घरी न्यावा लागे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावा लागे. ही आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. 7 नोव्हेंबर हा त्यांचा शाळाप्रवेश दिन आपण विद्यार्थी दिन म्हणून साजरा करतो. त्या दिवशी भाषणे होतात, व्हावीतही. परंतु त्या गोणपाटाच्या तुकड्याचा अर्थ मुलांच्या हातांना कळावा असे वाटत असेल तर आसन शिवण्यासारखा दुसरा पाठ नाही.

मुंबईच्या कापड गिरण्यांतही हेच घडत होते. विणाई खाते अधिक मजुरीचे, पण तेथे अस्पृश्यांना शिरकाव नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे; अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा स्पृश्य कामगारांना चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. गिरणीत तयार झालेले कापड मात्र सर्वांच्या अंगावर चढत होते! गावाकडे पाहावे तर आमच्या आजोबांच्या पिढीत कित्येक शिंपी आपल्या माणसांच्या अंगाला माप लावत नसत, नजरेने अंदाज घेऊन सदरा बेतत, असे जुनी माणसे सांगत. म्हणून आपल्या आया-आज्यांनी सुई स्वतःच हाती घेतली. जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोरा घालून त्यांनी ज्या वाकळा शिवल्या, त्यांखालीच आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीने रात्री काढल्या.

या दुसऱ्या इतिहासाला उत्तर म्हणून आपल्याकडे एक नियम केला आहे, आणि आमच्या मते हा उपक्रमाचा गाभा आहे. खोळीवर शिवणाऱ्याचे नाव किंवा आडनाव लिहायचे नाही. फक्त स्टुलाचा क्रमांक. शाळा सोडताना खोळ घरी न्यायची नाही. ती पुढच्या विद्यार्थ्यासाठी स्टुलावरच राहते. आणि दर रविवारी पाळीने एका गटाने सर्वांच्या खोळी धुवायच्या. कोणाच्या, हे विचारायचे नाही. ज्या गोणपाटाला नोकर शिवत नव्हता आणि जो मुलाला घरी न्यावा लागत होता, त्याच्या अगदी उलट ही रीत आहे. येथे आसन मागे ठेवून जायचे असते, अनोळखी मुलासाठी.

हा नियम सोपा वाटतो, पण तो सोपा गेला नाही. पहिल्याच वर्षी धुण्याच्या पाळीला एका मुलाने काही खोळी बाजूला सारल्या. त्या कोणत्या वस्तीतून आलेल्या मुलांच्या आहेत हे त्याला ठाऊक होते. दुःख याचे की तो मुलगा आमच्याच समाजाचा होता, त्याच्या घरात बाबासाहेबांची तसबीर होती, आणि ज्यांच्या खोळी त्याने सारल्या तेही शोषितांपैकीच होते. पायऱ्यांची ही उतरंड आपण वरच्यांकडून शिकलो आणि खालच्यांना लावतो. त्याला कोणी रागावले नाही. पुढच्या इतिहासाच्या तासाला साताऱ्याचा गोणपाट शिकवला गेला, एवढेच. त्यावर तो काही बोलला नाही. पुढील पाळीला त्याने सगळ्या खोळी एकाच बादलीत भिजत घातल्या, असे वसतिगृह अधीक्षकांनी सांगितले. जातिनिर्मूलन भाषणाच्या व्यासपीठावर जितके होते त्याहून अधिक धुण्याच्या दगडापाशी होते, असे आमचे मत त्या दिवसापासून पक्के झाले आहे.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. सर्वांत गंभीर आक्षेप एका पालकाने पालकसभेत उभे राहून घेतला. “सर, पोराला सुईत दोरा ओवायला न्हाई धाडलं म्या. आमी केलं त्येच त्यानं करायचं, तर साळा कशाला?” त्या गृहस्थांचे आयुष्य वीटभट्टीवर गेले. त्यांच्या प्रश्नामागे पिढ्यांचा अनुभव आहे आणि तो आम्ही शिरोधार्य मानतो. हातकामाच्या नावाखाली शोषितांच्या मुलांना परंपरागत धंद्यांतच अडकवून ठेवण्याचे बेत या देशात झाले नाहीत असे कोण म्हणेल? बाबासाहेबांनी महार वतनाच्या बेडीविरुद्ध लढा दिला तो याच कारणाने. 1942 मध्ये व्हाइसरॉयांना दिलेल्या निवेदनात त्यांनी आपल्या मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या, परदेशी अभ्यासाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. सुई मागितली नाही.

परंतु बाबासाहेबांचे ‘जातिनिर्मूलन’ काळजीपूर्वक वाचणाऱ्यास हेही दिसेल की त्यांचा आक्षेप श्रमाला नव्हता. जातिव्यवस्था ही केवळ कामांची विभागणी नसून ती काम करणाऱ्या माणसांची, जन्मावरून केलेली आणि चढत्या-उतरत्या पायऱ्यांची विभागणी आहे, असा त्यांचा सिद्धान्त होता. एखादे काम एका जातीला किंवा एका लिंगाला चिकटवले की ते काम हीन होते आणि करणारा गुलाम होतो. तेच काम सर्वांनी शिकले, कोणी कोणाची सेवा म्हणून ते केले नाही, तर ते कौशल्य होते. वीटभट्टीवरील त्या बापाला आम्ही एवढेच म्हणालो की दादा, तुमचा मुलगा शिंपी व्हावा म्हणून हे नाही. उद्या तो अधिकारी झाला तरी आपल्या सदऱ्याचे तुटलेले बटण लावायला त्याने बायकोला हाक मारू नये, म्हणून आहे. सभेतील बायका हसल्या. ते गृहस्थ मात्र हसले नाहीत. “इंग्रजी-गणितात कमी पडला तर बगा,” एवढे बजावून ते खाली बसले. त्यांचे बजावणे न्याय्य आहे, आणि ते पाळले गेले पाहिजे.

म्हणून आम्ही काही मर्यादा सुचवतो. हे काम कार्यानुभवाच्या तासापुरतेच राहावे. इंग्रजी, गणित व विज्ञानाच्या एका तासालाही त्याने हात लावू नये. मुलांनी शिवलेली वस्तू विक्रीस काढू नये, कारण शाळेत नफा आला की मूल कामगार होते. पाहुण्यांच्या व अधिकाऱ्यांच्या खुर्च्यांसाठी मुलांकडून आवरणे शिवून घेऊ नयेत. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल घालण्याची आपल्या कचेऱ्यांतील रीत सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे कापड खुर्चीचे रक्षण करीत नाही, हुद्द्याचे करते. आपली खोळ बसणाऱ्यासाठी आहे. आणि मुलांसाठी एक मोजपट्टी, मुलींसाठी दुसरी, असे कधीही होऊ नये. गुण कोपऱ्याच्या सफाईला द्यावेत.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे. तयार खोळी बाजारात मिळतात, मुलांचा वेळ कशाला घालवता? पैशाचा हिशेब तसा बरोबर असेलही. पण सहा आठवड्यांत मूल जे शिकते ते बाजारात मिळत नाही : दोनदा मोजणे, एकदा कापणे, चुकले तर उसवणे, सुईत दोरा ओवता न येणाऱ्या शेजाऱ्याला ओवून देणे. गेल्या वर्षी दहावी होऊन गेलेल्या मुलामुलींपैकी काहीजण बाहेरगावी खोली घेऊन शिकत आहेत. उशीचा अभ्रा आणि पिशवीचा तुटलेला बंद त्यांनी स्वतः शिवला, असे ते भेटीला आले की सांगतात. स्वावलंबन हा शब्द आपण प्रार्थनेनंतरच्या बोधवचनांत अनेकदा वापरतो. त्याचा एक अर्थ इतका साधा आहे.

एक सूचना करून लेख संपवतो. वर्षावासाच्या अखेरीस आपल्या विहारांत कठिन चीवरदानाचा सोहळा होतो. ‘कठिन’ हा शब्दच मुळी चीवर शिवण्यासाठी कापड ताणून धरणाऱ्या चौकटीवरून आला आहे. पूर्वी कापड मिळाल्यावर मोजणे, कापणे, शिवणे, रंगवणे हे सारे भिक्खूसंघ मिळून एकाच दिवसात पूर्ण करी. चितगावच्या डोंगराळ भागातील बौद्ध उपासिका आजही चोवीस तासांत सूत कातून, विणून, शिवून चीवर अर्पण करतात. आपल्याकडे चीवर बहुधा दुकानातून बांधून येते. येत्या वर्षावासानंतर आपल्या नववी-दहावीच्या मुलामुलींनी, भन्तेजींच्या मार्गदर्शनाखाली, मगधाच्या शेतांची रचना समजून घेऊन एक चीवर स्वतः शिवावे, असे आम्ही संस्थेस विनम्रपणे सुचवतो. खोळीवर शिकलेला हात त्यास समर्थ आहे.

माजी विद्यार्थ्यांनी व दात्यांनी स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेस काही द्यावयाचे ठरवल्यास धारदार कातरी, मोजपट्ट्या, अंगुस्ताने आणि धुतलेल्या सुती चादरी द्याव्यात. त्यांतील प्रत्येक चादर चार मुलांच्या आसनांवर येईल, आणि त्या आसनांवर पुढे कोण बसणार हे जन्मावरून कोणी ठरवणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!